पोटातलं पेव

शुगरच्या, म्हणजे मेटफॉर्मिनच्या गोळ्या मी दुकानातल्या लाकडी पेटीत, जुन्या हिशेबपट्ट्यांच्या गठ्ठ्याखाली सारून ठेवायचो. घरी विचारलं की सांगायचं, दुकानात जेवताना घेतो. दुकानात विचारणारं कोणी नव्हतंच. असे नऊ महिने काढले. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी एकतीस वर्षं दिवाणजी आहे. शेतकऱ्याच्या पट्टीत पाच रुपयांचा फरक राहिला तर मला झोप लागत नाही. आणि स्वतःच्या रक्ताचा हिशेब असा गठ्ठ्याखाली.

कारण सांगायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोळीनं माझं पोट बिघडवलं होतं. शुगर निघाली तेव्हा तीन महिन्यांची सरासरी ७.९ होती. जवळच्या एका डॉक्टरांनी ५००ची गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली आणि "होईल सवय" म्हणून पुढच्या पेशंटची बेल वाजवली. मी ती सकाळी चहाआधी, रिकाम्या पोटी घेत होतो. तिसऱ्या दिवसापासून पोटात गुरगुर, गॅस आणि पळापळ.

त्यात मार्च महिना. नव्या राजापुरी हळदीची आवक जोरात. ज्यांनी सौदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, सौदा ढिगावरून ढिगावर सरकतो. खरेदीदार हळकुंड उचलतो, दोन्ही हातांच्या बोटांत धरून मोडतो. कडकन आवाज आला म्हणजे नीट वाळलंय. मग मोडलेलं तोंड उजेडाकडे धरून आतला रंग बघतो. भाव पुकारला जातो आणि मी वही घेऊन मागं मागं ढीग, भाव, नाव टिपत जातो. ही फेरी अर्धी सोडून जायची नसते. त्या दिवशी मी गेलो, तेही तीनदा. तिसऱ्यांदा परत आलो तर एका हमालाच्या पोरानं सतरा ढिगांचे भाव खडूनं पोत्यांवर लिहून ठेवले होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी गोळ्यांचं पाकीट पट्ट्यांखाली गेलं आणि दोन दिवसांत पोट गप्प झालं. शुगरचं काय, ती काही गुरगुरत नाही.

या काळात मला किती जणांनी "अहो, हळदीतच असता तुम्ही, तुम्हाला कसली शुगर?" म्हणून विचारलं याची गणती नाही. एकतीस वर्षं हळदीची धूळ नाकातोंडात जातेय, सदऱ्याची कॉलर कधी पांढरी राहिली नाही. तरी झालीच.

दत्तजयंतीला आमच्या गल्लीतली मंडळी नरसोबाच्या वाडीला चालत जातात. अंकलीचा पूल ओलांडायचा, जयसिंगपूर, शिरोळ करत पहाटे वाडी. मी दरवर्षी अनवाणी जातो. त्या वर्षीही गेलो, काही त्रास झाला नाही. उलट बाकीचे खडे टोचतात म्हणून उड्या मारत होते आणि मी सरळ चालत होतो. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे आता लिहितानाही कसंसं होतं. तिसऱ्या दिवशी हिनं स्वयंपाकघरातल्या फरशीवरचे डाग दाखवले. तांबूस, ओलसर, आणि सगळे डाव्या पायाचे. तळपाय वळवून बघितला तर अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा फोड फुटून आत पू. मला काहीच लागलं नव्हतं.

मिरजेला दाखवलं. मिरज आमच्या भागाचं दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातूनही लोक येतात. मॅडमनी जखम साफ केली, रक्त तपासायला पाठवलं आणि एक नायलॉनचा दोरा काढला. मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यासारखा, एका काडीला लावलेला. तो टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम जोर पडल्यावर वाकतो. "डोळे मिटा. दोरा लागला की 'आता' म्हणा." दोन्ही पायांच्या मिळून दहा जागा होत्या. मी सहा वेळा 'आता' म्हणालो. डाव्या अंगठ्याला त्यांनी तीनदा दोरा लावला होता म्हणे. मी गप्प बसून होतो.

सरासरी शुगर ९.८ आली. मॅडमनी विचारलं, "गोळी घेता?"

"घेतो."

त्यांनी रिपोर्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मग मीच सगळं ओकलो. सौदा, पळापळ, हिशेबपट्ट्या. वाटलं आता ओरडा बसणार. त्यांनी विचारलं ते भलतंच. "रात्री झोपेतून उठून जावं लागायचं का? जेवण झाल्यावर पोट तासन्‌तास भरलेलं वाटतं? घास दोन खाल्ले की बस्स होतं?" नाही म्हणालो. मधुमेहानं पायाच्या नसा जशा बधिर होतात तशा पोट आणि आतडी हलवणाऱ्या नसाही होऊ शकतात, हे मला तेव्हा कळलं. त्यात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, कधी रात्री-अपरात्री जुलाब होतात. माझं तसं नव्हतं, गोळीचंच होतं. आणि त्यावर उपाय इतका साधा होता की मला रडू यायचं बाकी राहिलं. गोळी जेवणाच्या मध्ये घ्यायची, सावकाश विरघळणारी घ्यायची, आणि एकदम पूर्ण डोस न घेता आठवड्या-आठवड्यानं वाढवायचा. आधी कोणी हे सांगितलं असतं तर! पण खरं सांगायचं तर मीही कुठं परत जाऊन विचारलं होतं? हगवणीबद्दल बोलायचं कसं, याच लाजेत मी होतो.

पायासाठी दहा दिवस अँटिबायोटिक दिलं. ते लागणारच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पाय वाचला. पण चौथ्या दिवसापासून पोटाची पुन्हा तीच गत, उलट जास्त. कोर्स संपला तरी महिनाभर पोट रुळावर येईना. भाकरी खाल्ली की फुगायचं, दूध प्यायलं की ढवळायचं. शुगरही वर-खाली.

याच दिवसांत माझी पुतणी सुट्टीला घरी आली. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय. माझ्या पायाचं ड्रेसिंग बदलता बदलता तिनं विचारलं, "काका, पोटातल्या जीवाणूंचं कोणी काही सांगितलं का तुम्हाला?" मी म्हटलं, जंतूंसाठीच तर दहा दिवस गोळ्या खाल्ल्या. ती हसली आणि मग आमचं ते बोलणं चार दिवस चाललं.

आमचं घर हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर. हरिपूर म्हणजे हळदीची पेवं. आमचे वडील पेवं भरून घ्यायच्या कामावर होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेली मोठी गोल खोली, तोंड मात्र माणूस जेमतेम उतरेल एवढंच. तळाला आणि बाजूंना उसाचं पाचट, चटया लावायच्या, आत हळद ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आतली हवा संपते. हवा संपली की कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. लहानपणी मी वडिलांच्या पायाला धरून तो कंदील खाली जाताना बघितलाय. ज्योत आधी बारीक होते, निळसर होते आणि कोणी चिमटीत धरल्यासारखी जाते.

पुतणीनं मोठ्या आतड्याचं वर्णन सुरू केलं आणि मी म्हटलं, अगं हे तर पेव. तिथंही प्राणवायू जवळपास नाही. पण पेव बंद करतात ते आत काही जगू नये म्हणून; इथं मात्र हवेवाचूनच जगणारी वस्ती राहते. किती, तर २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्यानं मोजदाद केली त्यानुसार एका माणसात सुमारे ३८ लाख कोटी. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या तोडीस तोड. सगळ्यांचं मिळून वजन मात्र पावकिलोसुद्धा नाही.

ही वस्ती खाते काय? आपल्याला न पचलेला चोथा. कोंडा, कडधान्यांची टरफलं, भाज्यांचे धागे. तो कुजवून, खरं तर आंबवून, ते काही आम्लं तयार करतात. त्यातलं एक ब्युटिरेट. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचा बराचसा रोजगार या ब्युटिरेटवर चालतो. ते जाळताना त्या पेशी प्राणवायू ओढून घेतात, म्हणून आत हवा साठत नाही, म्हणून हवेवाचून जगणारे टिकतात, आणि ते पुन्हा ब्युटिरेट देतात. चोथा कमी पडला की हे चाक मंदावतं. अस्तर हलकं पडतं, जीवाणूंच्या अंगावरचे तुकडे रक्तात झिरपतात, शरीरभर बारीक सूज राहते. तशा सुजेत इन्शुलिनचं म्हणणं पेशी नीट ऐकत नाहीत. आणि हीच आम्लं आतड्यातल्या काही पेशींना जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडायला लावतात. हल्ली वजन आणि शुगर उतरवायची जी महागडी इंजेक्शनं निघालीत ती याच संप्रेरकाची नक्कल. "म्हणजे थोडं थोडं आपल्याच पोटात फुकट तयार होतं?" मी विचारलं. "थोडं थोडं," ती म्हणाली. "इंजेक्शनाएवढं नाही हं काका, उगीच हिशेब मांडू नका."

माझ्या अँटिबायोटिकचं काय झालं असावं, हे मला तिनं न सांगताच कळलं. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर कुजलेल्या हळदीचा वास कितीतरी दिवस गावात होता आणि बरीच पेवं त्यानंतर परत भरलीच गेली नाहीत. पुतणीनं एक डॅनिश प्रयोग सांगितला, २०१८ साली छापून आलेला. १२ धडधाकट पुरुषांना तीन जालीम अँटिबायोटिकं चार दिवस दिली. दीडेक महिन्यात बहुतेक वस्ती परतली. पण आधी सगळ्यांत सापडणारे नऊ प्रकार १८० दिवसांनंतरही बहुतेकांत दिसले नाहीत. माझं औषध तेवढं जालीम नव्हतं. तरी मला ती रिकामी पेवं डोळ्यांपुढं आली.

मधुमेहाशी याचा संबंध खरंच आहे की नुसता लावलेला, हे मी खोदून विचारलं. दिवाणजीला पुरावा लागतो. २०१२ मध्ये चीनमधल्या ३४५ जणांच्या विष्ठेतल्या जनुकांचा अभ्यास झाला. टाइप-२ मधुमेह असलेल्यांत ब्युटिरेट बनवणारे जीवाणू कमी निघाले. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये ७० वर्षांच्या १४५ बायका तपासल्या. तिथंही ब्युटिरेटवाले कमी, पण मधुमेह ओळखायच्या खुणा ठरलेले जीवाणू चीनपेक्षा वेगळे. मग २०१५ मध्ये तिसऱ्या अभ्यासानं दोन्हींची पट्टी उलगडली. मधुमेहाच्या नावावर टाकलेले बरेचसे बदल खरं तर मेटफॉर्मिनचे होते! कोण पेशंट गोळी घेतो, कोण नाही, हे वेगळं काढलंच नव्हतं. ब्युटिरेटवाले कमी असणं तेवढं गोळी वजा केल्यावरही उरलं. हे ऐकून मला इतका आनंद झाला की ही आतून बघायला आली. आमच्या धंद्यात याला एकाची रक्कम दुसऱ्याच्या खाती पडणं म्हणतात. ती नोंद जो शोधतो तो खरा दिवाणजी.

तर ही गोळी. १९५७ मध्ये झां स्टर्न या फ्रेंच डॉक्टरनं ती मधुमेहासाठी वापरून दाखवली. मूळ कूळ एका जांभळ्या फुलांच्या रानटी झाडाचं. आजवर मी समजत होतो गोळी रक्तात जाते आणि शुगर कापते. ती यकृतातून साखर सुटणं कमी करते हे खरंच. पण तिचं बरंच काम आतड्यातच चालतं. आतड्याच्या खालच्या भागात विरघळणारी गोळी करून बघितली, ती रक्तात फार कमी उतरली तरी शुगर खाली आली. गोळी घेतल्यावर जीवाणूंची वस्तीही बदलते. अस्तरावरच्या बुळबुळीत थरात राहणारा अ‍ॅकरमॅन्सिया वाढतो, काही आम्लं वाढतात. २०१७ मध्ये गोळी घेणाऱ्या माणसांची विष्ठा जंतुविरहित उंदरांना दिली तर उंदरांचीही साखर पचवायची ताकद सुधारली. म्हणजे ज्या गडबडीमुळं मी गोळी पेटीत टाकली त्या गडबडीतच तिच्या कामाचा काही भाग असावा. मला हे आधी माहीत असतं तर मी सौद्यात पळालो नसतो असं नाही. पण परत आलो असतो.

विष्ठेवरून आठवलं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये सडपातळ माणसांची विष्ठा लठ्ठ पुरुषांच्या आतड्यात नळीनं सोडली, तर सहा आठवड्यांत त्यांचं शरीर इन्शुलिनला जास्त जुमानू लागलं. २०१२ चीच गोष्ट. हिनं कानांवर हात ठेवले आणि ताटावरून उठली. पुढच्या प्रयोगात १८ आठवड्यांनी तो गुण उतरलेला दिसला, हे तिला स्वयंपाकघरात जाऊन सांगावं लागलं. "बरं झालं," ती म्हणाली.

मॅडमकडं पुढच्या खेपेला मी प्रश्नांची यादीच नेली. विष्ठेची तपासणी करून घेऊ का, हल्ली घरी डबी पाठवतात? त्या म्हणाल्या, "रिपोर्ट येईल सुंदर, रंगीत. त्यावरून मी तुमची एकही गोळी बदलणार नाही. मग कशाला?" हे मला पटलं. दुसरा प्रश्न मी विचारलाच नाही, कारण ते कर्म आधीच करून बसलो होतो. एका प्रदर्शनात 'चांगल्या जीवाणूंची' पावडर २,४०० रुपयांना घेतली होती, तीन महिन्यांत शुगर गायब म्हणून. पुतणीनं डबा उलटसुलट करून बघितला. इस्राएलमधला २०१८ चा एक प्रयोग सांगितला, की अँटिबायोटिकनंतर असली मिश्रणं घेणाऱ्यांची स्वतःची मूळ वस्ती परतायला उलट उशीर लागला, काहीच न घेणारे लवकर सावरले. डबा अजून फडताळात आहे. पैसे गेलेत, फेकवत नाही.

मॅडमनी आहारतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं. त्यांनी आठवड्याचं खाणं लिहून आणायला सांगितलं. ते माझं कामच. लिहून बघितलं तर माझ्या दिवसात चोथा नावालाही नव्हता. सकाळी पोहे किंवा शिरा, दुपारी डब्यात चपाती आणि बटाटा, संध्याकाळी दुकानात भडंग, रात्री भात-आमटी. भडंगावर माझा जीव. सांगलीत राहून भडंग खाऊ नका म्हणणं म्हणजे वाडीत राहून दत्ताचं नाव घेऊ नका म्हणण्यासारखं. आजीच्या वेळी घरात भाकरी, हुलगा, अंबाडी, घोळ, शेपू असायचं. ऊस आला, पैसा आला, चपाती आली आणि भाकरी पाहुणचाराला उरली.

मी एकदम सुरू केलं आणि फसलो. पहिल्याच दिवशी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर चवळी, मटकीची उसळ. रात्री पोटात लेझीम. जीवाणू उपाशी असतात, एकदम पंगत वाढली की गॅस सोडतात. बाईंनी मोजून दिलं. पहिला आठवडा एक भाकरी. दुसऱ्यात अर्धी वाटी मोड आलेली मटकी, नीट शिजवून. तिसऱ्यात जवसाची चटणी चमचाभर. चौथ्यात हुलग्याचं माडगं. हिचं माहेर आटपाडीकडचं, ते तिच्या हातचंच खावं. त्यानंतर दिवसाला २५ ग्रॅम चोथ्यापर्यंत यायला मला अडीच महिने लागले. पाणी वाढवावं लागतं, नाहीतर उलटा त्रास. सहाव्या आठवड्यात एक सकाळ अशी आली की मी संडासात गेलो, आलो, आणि दुपारपर्यंत पोटाची आठवणच झाली नाही. वर्षाभरात पहिल्यांदा.

शिजवून गार केलेल्या भातात काही पिष्ट पचायला अवघड होतं आणि ते खाली जीवाणूंच्या वाट्याला जातं, असं पुतणी म्हणाली. मग मी करून बघितलं. मशीन होतंच. ताजा वाटीभर भात, दोन तासांनी शुगर २१२. तोच भात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, गरम करून, दुसऱ्या दिवशी १८८. मी फुगलो. चार दिवसांनी पुन्हा केलं तर २०५ आणि २०३. तेव्हा यावर मी काही बोलत नाही. भडंग मात्र तिन्ही वेळा २४० च्या आसपास; ते आता महिन्यातून एकदा, आणि कुणाच्या तरी हातातून चार घास. शिळी भाकरी ताकात कुस्करून सकाळी खातो. ती गुणाची आहे की नाही कोण जाणे, चवीची आहे.

मग आली मूत्रपिंडाची बातमी. लघवीतल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाची तपासणी केली, ३० च्या आत हवं ते माझं ८६. मॅडमनी रक्तदाबाची अशी गोळी सुरू केली जी मूत्रपिंडालाही सांभाळते. इथंही जीवाणू निघालेच. डाळ-दूध-मांसातल्या प्रथिनांचा जो भाग न पचता खाली जातो त्यातून काही जीवाणू इंडोल आणि पी-क्रेसॉल बनवतात. यकृत त्यांना सल्फेट जोडून रक्तात सोडतं आणि मूत्रपिंडं ती बाहेर टाकतात. मूत्रपिंडं थकली की हाच कचरा रक्तात साठतो आणि रक्तवाहिन्यांना व मूत्रपिंडांना आणखी त्रास देतो. जीवाणूंना चोथा मिळाला तर ते आधी तो खातात, प्रथिनांच्या मागं कमी लागतात. माझी मूत्रपिंडं जीवाणूंनी बिघडवली असं नाही, ती शुगरनं बिघडली. मॅडमनी हे दोनदा बजावलं. पण ज्यांनी आधीच दमलेल्या हमालाच्या पाठीवर आणखी एक पोतं टाकलंय ते कोण, हे कळलेलं बरं.

बी-१२ सुद्धा कमी निघालं, १४८. मी सात महिनेच नीट गोळी घेतलेली, त्यामुळं सगळा दोष मेटफॉर्मिनला देता येत नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ती बी-१२ चं शोषण कमी करते हे खरं, पण मी मूळचाच शाकाहारी. बी-१२ कमी असलं तरी पाय बधिर होतात, म्हणजे माझ्या अंगठ्याला दोन धनी. गंमत म्हणजे आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणू बी-१२ बनवतात. पण ते शोषून घेणारा भाग लहान आतड्याच्या शेवटाला, म्हणजे वरच्या अंगाला. शेताचं दार मागं पडल्यावर पाटाला पाणी सोडावं तसं. इंजेक्शनं घ्यावी लागली.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट आला. सरासरी शुगर ७.२. अल्ब्युमिन ४४. मी मॅडमना विचारलं, यातलं जीवाणूंच्या खाती किती टाकायचं? गोळी आता पूर्ण डोसमध्ये घेतोय, रक्तदाबाची गोळी आहे, साडेचार किलो वजन उतरलंय, भडंग बंद, भाकरी सुरू, रोज संगमेश्वरापर्यंत बूट घालून चालतो. त्या म्हणाल्या, "सगळं एकाच खाती टाका. तुमच्या." मला असली नोंद चालत नाही. मी घरी येऊन वहीत पाच रकाने पाडले आणि पाचही कोरे सोडले.

यंदाच्या मार्चमध्ये नवी हळद आली. पहिल्या सौद्याला एकशे चार ढीग होते. मी मध्ये कुठं गेलो नाही. शेवटच्या ढिगाशी तोच हमालाचा पोरगा खडू खिशात ठेवून उभा होता, गरज लागेल म्हणून.

गेल्या महिन्यात पाय तपासायला पुन्हा मिरजेला गेलो. मॅडमनी नायलॉनचा दोरा काढला. डोळे मिटले. "आता." "आता." "आता." टाच, चवडा, करंगळीची बाजू. दहापैकी आठ जागा. मग डावा अंगठा. मी श्वास धरून बसलो, आणि लागल्यासारखं वाटलं, म्हणालो, "आता."

मॅडम काही बोलल्या नाहीत. डोळे उघडले तर दोरा अजून त्यांच्या हातात, माझ्या पायापासून वीतभर लांब होता.